कानयंत्रावरचा माझा अभिप्राय

अकोल्याच्या पोलिस ठाण्यात बसून मी चार ओळींचं इंग्रजी लिहून दिलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत याच गोष्टीवर घालत आलो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मी अमरावतीहून अकोल्याला एका खाजगी हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो. वडील अमरावतीत वकिली करत. मी कायद्याच्या वाटेला न जाता नागपूरला राहून पदार्थविज्ञान शिकलो होतो, आणि त्याचा मला बऱ्यापैकी तोरा होता. शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. शिवाय रेडिओचा नाद होता. त्या वेळी गावात रेडिओ मोजकेच. एखादा बंद पडला की मालक तो टांग्यात घालून माझ्या खोलीवर पाठवून देई, आणि मी दोन दिवस त्यात डोकं घालून बसे.

मोर्णा नदीच्या काठी एका माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने शेवंती. त्याची बायको हा माल घेऊन गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, बसे आणि मी भाजी तिच्याकडूनच घेई. ती फार मोठ्याने बोलायची. आपण काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी आपल्या तोंडाकडे टक लावून पाहायची. मला ते उर्मटपणाचं वाटे. एकदा तिचा नवरा शेजारी बसला होता, त्याच्या ते लक्षात आलं असावं.

"तिले ऐकू येत नाही, मास्तर," तो म्हणाला. "बाळंतपणात ताप आला. पोरगी वाचली, हेही वाचली. कान तेवढे गेले."

पोरगी तिथेच होती, मेथीच्या जुड्यांमध्ये बसून अखंड काहीतरी बोलत. आईने तिचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

माळी माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा होता. मी त्याला अरे-तुरे करी आणि तो मला तुमी म्हणे. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही. माणूस मात्र हिकमती. मोटेचं चाक स्वतः बसवलेलं, शेजाऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ उघडून चालू केलेलं. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या बंगल्यावर तो भाजी पोचवायचा, तिथे त्याने टेलिफोन पाहिला होता. काही दिवसांनी तो माझ्या खोलीवर आला, दारातच उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तर, एक इचारतो, हसू नका. टेलिफोनात इकडचा आवाज तिकडे जाते. मंग तो मोठा करून हिच्या कानात घालता येत नाही काय?"

मी हसलो नाही. प्रश्न इतका नेमका होता की मला आधी त्याचा हेवाच वाटला.

येतं, मी म्हणालो. विलायतेत अशी यंत्रं मिळतात. आणि मग, मला काय येतं हे दाखवायची संधी कुठला तरुण मास्तर सोडतो? माझ्याकडे एक मोडका रेडिओ पडून होता, मालकाने नको म्हणून सोडून दिलेला. त्यातला एक व्हॉल्व्ह चांगला होता, ट्रान्सफॉर्मर चांगला होता. कानाला लावायचे भोंगे मी कॉलेजात असताना घेतलेले. राहिलं ते टेलिफोनचं बोलायचं तोंड, ज्यात आवाजाची वीज होते. तसं एक शाळेच्या कपाटात होतं, मुलांना दाखवायला ठेवलेलं. ते मी न विचारता आणलं. झाल्यावर परत ठेवू, असं मनाशी म्हटलं होतं.

पाच-सहा रविवार आम्ही दुपारी त्याच्या मळ्यातल्या खोपीत बसलो. मी कागदावर आकृती काढून द्यायचो आणि तो तारा जोडायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मोडक्या रेडिओतलं उरलेलं सामान, म्हणजे तारेची वेटोळी, स्टेशन लावायचा कंडेन्सर वगैरे, त्याने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं. "फेकू नका, मास्तर. कायले तरी कामी येईन."

यंत्र झालं ते एका लाकडी खोक्यात. सोबत बॅटऱ्यांचं ओझं वेगळं. डोक्यावर घेऊन बाजारात जाण्यासारखं नव्हतंच ते, खोपीत बसून ऐकायचं. त्याने बायकोला समोर बसवलं, भोंगे तिच्या पदरावरून कानांवर ठेवले आणि पोरीला त्या तोंडापाशी उभं केलं. पोरगी एरवी गप्प न बसणारी, नेमकी तेव्हा लाजली. बाप म्हणाला, "बोल ना वं, मायले हाक मार." ती काहीतरी पुटपुटली. बाईने दोन्ही हातांनी भोंगे दाबून धरले. मग पोरीला धीर आला आणि तिची टकळी सुरू झाली. मांजर, वांग्यातली अळी, शेजारणीची बकरी. बाई ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि शेवटी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बाप्पा! हे इतकी बोलते काय?"

आम्ही तिघं खूप हसलो. मला वाटतं माझ्या हातून आयुष्यात झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

वर्षभराने दिवस पालटले. जपानी ब्रह्मदेशात शिरले, तिकडून पायी पळून आलेली माणसं गाड्यांमध्ये दिसू लागली. शाळेत एक परिपत्रक आलं की बिनतारी यंत्रांचं सामान कुणाकडे असेल तर कळवावं, परवान्याशिवाय बाळगू नये. सरकारची भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मी आजही म्हणतो. ज्या सामानातून गाणं ऐकू येतं त्याच सामानातून बोटींची आणि पलटणींची खबर बाहेर जाऊ शकते. देशात कुठे कुठे छुपी यंत्रं बोलतही होती. परिपत्रक वाचताना मला तो बिस्किटाचा डबा आठवला. माळ्याला सांगायला हवं, असं मनात आलं. आणि राहून गेलं. शाळेचं टेलिफोनचं तोंड परत आणायचंही असंच राहून गेलं होतं.

बेचाळीसच्या ऑगस्टात पुढाऱ्यांची धरपकड झाली. आमच्या बाजूलाही रुळाकाठच्या तारा तुटल्या आणि पोलिसांनी गावात झडत्या सुरू केल्या. कुणीतरी खबर दिली की नदीकाठच्या मळ्यात एक बाई कानांना भोंगे लावून बसते. दसऱ्याच्या आसपास माळ्याला उचललं. मला ते गुजरीत कळलं. बाईच्या जागी तिचा भाऊ बसला होता, त्याने सांगितलं. मी मेथीची जुडी हातात घेतलेली तशीच खाली ठेवली आणि घरी आलो.

चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ठाण्यातून चिठ्ठी आली होती. एक संशयास्पद यंत्र सापडलं आहे, नागपूरहून साहेब आला आहे, गावात या विषयातला जाणकार माणूस म्हणून आपल्या विज्ञान शिक्षकांनी परवा येऊन अभिप्राय द्यावा. हेडमास्तरांची छाती फुगली होती. "शाळेचा मान आहे हा," ते म्हणाले.

मी रजा टाकून त्याच दिवशी अमरावतीची गाडी धरली. बडनेऱ्याला गाडी बदलताना मला दोनदा वाटलं की परत फिरावं आणि थेट ठाण्यात जाऊन सगळं सांगावं. घरी पोचलो. वडील पानाचा डबा घेऊन ओसरीवर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, शाळेच्या कपाटातली वस्तूही सांगितली.

त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "त्याने तुझं नाव घेतलंय का?"

"घेतलेलं दिसत नाही. घेतलं असतं तर मला जाणकार म्हणून कशाला बोलावतील?"

"मग नीट ऐक. खोटं एक अक्षर बोलू नकोस. पण विचारलं तेवढ्यालाच उत्तर दे. पुढचं एक पाऊल टाकू नकोस. आज लढाईच्या या कायद्याखाली जो आत जातो त्याला अपील नाही, आणि तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे."

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे गेलो तेव्हाच मला काय ऐकायचं होतं ते माझं ठरलेलं होतं.

ठाण्यात टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. खोकं, भोंगे, टेलिफोनचं तोंड, व्हॉल्व्ह, बॅटऱ्या, आणि झाकण काढलेला बिस्किटाचा डबा. मी काढून दिलेल्या आकृतीचा कागद नव्हता. तो त्याने कधी आणि कसा नाहीसा केला, मला आजवर माहीत नाही. नागपूरचा साहेब उंच, शांत आवाजाचा, मराठी समजणारा होता. ठाणेदार मात्र चिडलेला.

माळ्याला आणलं. त्याचा डावा गाल सुजलेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाचवण्यासाठी काढली, हे माझ्या लक्षात आलं. लक्षात येऊनही मी खुर्चीत टेकून बसलो.

"म्हणतो, बहिऱ्या बायकोसाठी केलंय," ठाणेदार म्हणाला. "चालवून दाखव म्हटलं तर चालत नाही. मुडद्यासारखं पडलंय."

"सेल संपले साहेब," माळी म्हणाला. "लढाईपायी भेटत नाहीत. नवे टाका, बोलते का नाही पाहा."

शाळेच्या कपाटात त्या वेळी तसेच सेल होते. मला ते माहीत होतं. मी दहा मिनिटांत आणू शकलो असतो. त्या बाईला बोलावून, भोंगे लावून, पोरीला समोर उभं केलं असतं तर सगळा मामला तिथेच मिटला असता.

"तुले कोणी शिकवलं हे?" ठाणेदाराने त्याला माझ्यासमोर पुन्हा विचारलं.

"कोणी नाही. टेलिफोन पाहून म्याच जोडलं."

साहेब माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही या माणसाला ओळखता?"

"गुजरीत भाजी घेतो कधीकधी," मी म्हणालो.

"ठीक. मला एवढंच सांगा. हे जे सगळं सामान आहे, यातून बिनतारी संदेश पाठवता येईल?"

प्रश्न सरळ होता. वेटोळी होती, कंडेन्सर होता, व्हॉल्व्ह होता, बोलायचं तोंड होतं. ज्याला येतं त्याने वेगळी जोडणी केली तर थोड्या अंतरावर ऐकू जाईल असं काहीतरी त्यातून नक्की झालं असतं. ते खोकं मात्र तसं जोडलेलं नव्हतं. वेटोळी दीड-दोन वर्षं डब्यात पडून होती, त्यांच्यावर धूळ होती. त्या खोक्यात काय आहे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि दोघंही त्या खोलीत होतो.

"येऊ शकेल," मी म्हणालो.

"लिहून द्या."

मी लिहिलं. सदर साहित्याची योग्य फेरजोडणी केल्यास ते संदेशप्रक्षेपणासाठी वापरता येण्याजोगे आहे, अशा अर्थाच्या चार ओळी. इंग्रजी छान उतरलं. आपलं वाक्य जमल्याचं एक बारीकसं समाधानही मला त्या खुर्चीत वाटलं, आणि त्या समाधानाची मला आजही लाज वाटते.

साहेबाने कागद वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "आणखी काही सांगायचं आहे, मास्तर?"

त्याने विचारलं होतं. वडिलांच्या सल्ल्यात न बसणारा प्रश्न होता तो. दार उघडून धरल्यासारखा. मी माळ्याकडे पाहिलं नाही. "नाही," म्हणालो.

माळ्याला स्थानबद्ध करून नागपूरच्या तुरुंगात पाठवलं. शाळेत हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. मी गुजरीत जाणं सोडलं, भाजी आणायला एक बाई लावली आणि शाळेत जायला लांबचा रस्ता धरला.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत माळीण शाळेतच आली. पोरीला हाताशी धरून व्हरांड्यात उभी राहिली. मी शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आलो, मागोमाग हेडमास्तर आणि दोघं शिक्षक. ती नेहमीसारखी मोठ्याने बोलली. आपला आवाज किती चढतो हे तिला कळणं शक्यच नव्हतं.

"मास्तर, तुमी एकडाव साहेबाले सांगा ना! तुमाले तं सारं ठावं हाय! आमच्या घरच्याले सोडा म्हणा!"

हेडमास्तरांनी विचारलं, "कोण ही? काय ठाऊक आहे तुम्हाला?"

पुढे मी जे केलं ते योजून केलं नाही. योजून इतकं नीच कुणाला सुचत नसावं. बाईची नजर माझ्यावर होती. मी चेहरा हेडमास्तरांकडे फिरवला, म्हणजे तिला माझे ओठ दिसू नयेत, आणि म्हणालो, "मी हिला ओळखत नाही, सर. त्या पकडलेल्या माळ्याची बायको असावी. डोक्यावर परिणाम झालेला दिसतो." आणि त्याच वेळी, तिला दिसेल असा, उजवा हात छातीपाशी नेऊन मी खूण केली, की जा, मी बघतो, मी सांगतो.

बाईने हात जोडले. तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिचा विश्वास बसला होता.

पण पोरीला ऐकू येत होतं. चार-साडेचार वर्षांची असेल. खोपीत माझ्या मांडीवर बसून तारेचे तुकडे वेचणारी, मला चांगली ओळखणारी. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडे. तिने आईचा पदर ओढला. आईने तिला उचलून घेतलं आणि दोघी फाटकाकडे गेल्या. पोरगी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी एक पत्र लिहिलं. नागपूरच्या साहेबाला. यंत्र कशाचं होतं, आकृती कुणी काढली, सामान कुणाचं, सगळं लिहिलं. पत्र चांगलं होतं. ते मी एका जाड पुस्तकात ठेवलं आणि रोज उद्या टाकू म्हणत राहिलो. हिवाळा गेला. उन्हाळ्यात मला अमरावतीच्या एका शाळेत जागा मिळाली. बहिणीचं लग्न पार पडलं. शाळेच्या कपाटाची किल्ली मी अकोल्यात सोपवून आलो, आणि अमरावतीला सामान लावून झाल्यावर ते पत्र टपालात टाकलं. म्हणजे त्या पत्रापायी माझं जाण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा टाकलं. उत्तर आलं नाही. मला कुणी बोलावलंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात माळी सुटला. पत्रामुळे सुटला की त्या वेळी बरेच जण सोडले त्यात सुटला, कळायला मार्ग नाही. पत्रामुळेच, असं मानायचा मी पुष्कळ दिवस प्रयत्न केला.

तो सुटल्याचं कळल्यावरही मला जायला महिना लागला. मोठ्या खटपटीने एक व्हॉल्व्ह, नवे सेल आणि भोंग्यांचा जोड मिळवला आणि पिशवी घेऊन अकोल्याला गेलो. तो मळ्यात वाफ्यांना पाणी देत होता. वाळला होता. मला पाहून त्याने फावडं बांधाला टेकवलं.

मी म्हणालो, "मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं." मी त्याला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होतो, आणि ते त्यालाही जाणवलं.

"मालूम हाय. त्याइनं मले वाचून दाखवलं. खोटं काही नव्हतं त्यात."

"सगळं खरं मी सांगितलं नाही."

"नाही सांगतलं," तो म्हणाला. रागाने नाही. "मले वाटे, आज सांगतीन, उद्या सांगतीन. नागपूरले गेल्यावरबी वाटे. मंग वाटनं बंद झालं."

मी पिशवी पुढे केली, आत काय आहे ते सांगितलं, दोन रविवारांत पुन्हा जोडू म्हणालो.

"नको मास्तर. आता या घरात तार ठेवाची नाही. कपडे वाळू घालाले बी म्या सुतळी बांधली हाय."

बाई आणि पोरगी शेवंती तोडत होत्या. बाईने लांबूनच ओरडून विचारलं, "काय म्हणते मास्तर?" पोरगी आता सहाएक वर्षांची झाली होती. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत, आईला सांगू लागली. बरंच लांबलचक सांगितलं. आई तिच्या तोंडाकडे पाहत मान हलवत होती. माझे कान शाबूत होते, पण त्यातला एक शब्द मला कळला नाही. सांगून झाल्यावर बाई परत फुलांकडे वळली. तिने मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. मी बांधावरून जपून बाहेर आलो.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मी हे बायकोला सांगितलं. ठाणं, अभिप्राय, शाळेचा व्हरांडा, मळ्यातली भेट, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माळ्याशी बोललात ते बरं केलंत. पण त्या मुलीला काय म्हणालात?"

मुलीला मी काही म्हणालो नव्हतो. ती मळ्यात माझ्यापासून पाच-सहा हातांवर उभी होती, तिला ऐकू येत होतं, आणि तिच्याशी एक शब्द बोलावा हे मला त्या दिवशी सुचलंच नाही.